कुलूप असेल तर पुढचं घर

डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात, एक गोळ्या लिहून देणारा आणि दुसरा कापाकापी करणारा. धाकटी या दोन्हींत बसत नव्हती, आणि तिचा अर्धा मनस्ताप त्यातूनच आला होता. घरात दोन बहिणी, त्यातली ही धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. डॉक्टरकीची पहिली पदवी तिने चांगल्या गुणांनी मिळवली. पुढे तज्ज्ञ होण्यासाठी जी परीक्षा असते, तिथे मात्र गुण बेताचे पडले. शस्त्रक्रिया गेली, बालरोग गेलं, त्वचारोगाचं तर नावच काढायला नको, आणि सगळ्यांनी वेचून झाल्यावर उरलेलं कम्युनिटी मेडिसिन तिच्या पदरात पडलं. म्हणजे सार्वजनिक आरोग्य. एका रोग्याची नाडी धरायची नाही, अख्ख्या वस्तीची धरायची. हे ती नातेवाइकांना घसा कोरडा होईपर्यंत समजावायची, आणि ते मान डोलावून विचारायचे, ते सगळं खरं, पण तू डॉक्टर नक्की कशाची?

आत्याने तर एकदा चारचौघांत गुडघा पुढे केला. धाकटीने तो तपासला आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. झालं! तेव्हापासून आत्या सगळीकडे सांगत सुटली की भाची शिकली भरपूर, पण रोग्याला हात म्हणून लावत नाही. वसतिगृहातली खोलीसोबतीण सर्जरीची होती. ती दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभी राहून आली की पाय वर करून पडायची आणि विचारायची, आज कुठली गटारं पाहून आलात? धाकटीला राग यायचा तो याचा, की प्रश्न खोटा नव्हता. त्या दिवशी खरंच गटार पाहिलेलं असायचं. नाहीतर पाणी शुद्ध करायचं केंद्र, नाहीतर पत्र्याच्या डब्यात साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या. वर्षभर कसंबसं काढायचं आणि पुन्हा परीक्षेला बसून सर्जरी घ्यायची, असा तिचा पक्का बेत होता.

तो बेत मोडला विभागप्रमुख बाईंनी. बाई साठीच्या उंबरठ्यावरच्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चालण्याचा झपाटा असा की मागून येणाऱ्या तरुण पोरांची दमछाक व्हावी. त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना वॉर्डात नेलं आणि पहिल्या खाटेशी उभं राहून विचारलं, हा माणूस इथे का आहे? कोणीतरी रोगाचं नाव सांगितलं. रोगाचं नाव नको, बाई म्हणाल्या, हा इथे का आहे ते सांगा. मग हळूहळू एकेक खाट बोलायला लागली. ही भाजलेली बाई इथे, कारण तिची शेगडी जमिनीवर आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही. हा धाप लागलेला म्हातारा इथे, कारण सिमेंटच्या गोदामात जन्म गेला आणि नाकाला बांधायला कोणी फडकं दिलं नाही. वॉर्डाच्या टोकाला पोचेपर्यंत धाकटी मनातल्या मनात खाटा मोजायला लागली होती. यातली निम्मी माणसं इथे यायलाच नको होती, हे तिला इतकी वर्षं डॉक्टरकी शिकून कधी सुचलं नव्हतं. सर्जरीचा नाद तिने त्या दिवशी सोडला, आणि घरी मात्र बरेच दिवस सांगितलं नाही.

घरी सांगणं अवघड होतं ते अण्णांमुळे, सर्जनची कमाई मोठी अशी आशा ते धरून होते. अण्णा, म्हणजे तिचे वडील, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, दुकान कसलं, एक बाक, एक दिवा आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले सुटे भाग. त्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही मुलींना शिकवलं, थोरलीचं लग्न करून दिलं. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. बॉबिन बसवताना बोटं साथ देईनात, बारीक स्क्रू हातातून निसटून जमिनीवर पडला की ते गुडघ्यांवर रांगत शोधायचे, आणि कोणी मदतीला आलं की खेकसायचे. धाकटीची पदवी झाली की दुकान बंद, असं त्यांनी ठरवलं होतं आणि गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं. विभागात शिकवायची एक जागा रिकामी होणार होती आणि पदवी हातात पडताच ती धाकटीला मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. म्हणजे सगळं तिच्या पदवीवर येऊन थांबलं होतं, आणि पदवी थांबली होती प्रबंधावर.

प्रबंधाचा विषय तिने निवडला तो मालधक्क्यामागच्या वस्तीतला. वर्षाच्या पुढच्या मुलांना गोवराची लस मिळाली आहे का, हे घरोघर जाऊन विचारायचं. सगळ्या घरांत जाणं शक्य नसतं, म्हणून अशा कामात ठरावीक अंतराने घरं घेतात. तिने दर सातवं घर घ्यायचं ठरवलं. कॉलेजची बस सकाळी वस्तीच्या तोंडाशी सोडायची आणि जेवायच्या वेळेला परत न्यायला यायची. तेवढ्यात काम उरकायचं. घर झालं की चौकटीशेजारी खडूने बरोबरची खूण करायची, घराला कुलूप असलं तर फुली मारायची आणि पुढचं घर घ्यायचं, तेही बंद असलं तर त्यालाही फुली आणि त्याच्या पुढचं. विभागात सगळे असंच करत आले होते. कुलूप असेल तर पुढचं घर, हा नियम तिने प्रबंधाच्या आराखड्यातही लिहिला होता, आणि बाईंनी त्याखाली सही केली होती.

आता यात वावगं काय, असं तुम्हाला वाटेल. तिलाही काही वाटलं नाही. पुढच्या घरात माणसं असायची, बोलायला मोकळी असायची. आई नाहीतर आजी मूल मांडीवर घेऊन बसलेली, लसीचं कार्ड कपाटातून काढून पुढे ठेवायची, चहा घ्या म्हणून आग्रह करायची. धाकटीला ते दिवस फार आवडले. सर्जरीवाल्यांना कोणी चहा विचारत नाही, असं ती खोलीसोबतिणीला ऐकवायची.

आकडे जुळवले तेव्हा निकाल डोळे दिपवणारा निघाला. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला लस मिळालेली होती. तिने तो निकाल डॉक्टरांच्या परिषदेत वाचून दाखवला, टाळ्या मिळवल्या, आणि लसीकरणाच्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम भेटून अभिनंदन केलं. मालधक्क्याजवळच्या जुन्या शाळेच्या खोलीत ते संध्याकाळचं लसीकरण चालवत होते. नर्स कमी पडत होत्या, त्यामुळे ते कुठलं तरी एक केंद्र बंद करायच्या विचारात होतेच. वस्तीत सगळ्यांना लस मिळालेलीच आहे तर संध्याकाळचा खटाटोप कशाला, म्हणून त्यांनी ते बंद केलं. आपल्या कामाचा कोणाला तरी उपयोग झाला, या आनंदात धाकटी हवेत होती. प्रबंध बांधणीला द्यायचा तेवढा बाकी होता.

आणि मालधक्क्यामागे गोवर आला.

साथ आली की विभागातल्या सगळ्यांना वस्तीत पिटाळतात. ताप आणि पुरळ कोणाला आहे, घर कुठलं, लस झाली होती का, हे पाहत गल्ल्या पालथ्या घालायच्या. धाकटी पहिल्या घराशी पोचली. पत्र्याचं दार, आत तापाने लालबुंद झालेलं पोर, त्याला मांडीवर घेऊन कामावर खाडा केलेली आई. धाकटीने माहिती घेतली आणि निघताना तिची नजर चौकटीकडे गेली. छपराच्या आडोशाला, पुसट झालेली, पण तिचीच खडूची फुली. योगायोग असेल, असं तिने स्वतःला बजावलं. पुढच्या आजारी घरी गेली, तिथेही फुली. त्याच्या पुढच्या घरी जाताना तिने आधी चौकट पाहिली आणि मग आत पाऊल टाकलं. फुली होतीच. तिथे तिला माहिती लिहून घेववेना. पेन हातात धरून ती नुसती उभी राहिली आणि घरातली माणसं डॉक्टरला काय झालं म्हणून बघत राहिली.

मग तिला सगळं उलगडलं, आणि इतकं सोपं होतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सकाळी कुलूप कोणाच्या घराला असतं? ज्या घरातली सगळी मोठी माणसं कामावर गेली आहेत, त्या घराला. लस चुकते कोणाच्या मुलांची? ज्यांच्या आईबापांना सकाळच्या केंद्रावर जाता येत नाही, त्यांच्या. म्हणजे जी घरं विचारण्याजोगी होती, ती तिने एकेक करून गाळली होती, आणि ज्यांना सगळं मिळतं त्यांनाच विचारून सगळं मिळतं असं लिहिलं होतं. संध्याकाळी केंद्रावर येणारी माणसं तीच होती, कुलपांची.

बालरोगाच्या वॉर्डात त्यातलीच एक मुलगी होती. दोन वर्षांचीही नव्हती. छाती भरलेली, कानांतून पू वाहत होता. तिची आई कपड्यांच्या पॅकिंगच्या कारखान्यात कामाला, उजाडताना जायची आणि दिवे लागल्यावर यायची. धाकटीने नेहमीच्या सुरात तिला विचारलं, लस का नाही दिली? त्या सुरात थोडा जाब होता, हे तिचं तिलाच ऐकू आलं. पॅकिंगवाली ओशाळली. म्हणाली की राहूनच गेलं, सकाळी रजा मिळत नाही. मग वस्तीतल्या कोणीतरी तिला संध्याकाळच्या केंद्राचं सांगितलं होतं. "गेले होते मी," ती म्हणाली. "कामावरून तशीच गेले, हिला कडेवर घेऊन. तर तिथे कुलूप." ते कुलूप कोणामुळे लागलं हे सांगायची धाकटीची छाती झाली नाही, आणि खोटं धीराचं बोलवेना, म्हणून मुलीच्या पायावरचं पांघरूण सारखं करून ती बाहेर पडली.

तिथून ती थेट बाईंकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या की आराखड्याखाली त्यांचीही सही आहे आणि तो नियम त्यांना तेव्हाच खटकायला हवा होता. पण त्यांनी वाटही सुचवली. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी अभ्यासाच्या मर्यादा म्हणून एक भाग असतो. जगातल्या सगळ्या संशोधकांची पापं तिथे धुऊन निघतात. कुलूपबंद घरं वगळली गेली असा एक परिच्छेद तिथे घातला की काम भागेल. परीक्षकांचं समाधान होईल, पदवी वेळेवर मिळेल आणि जागाही हातची जाणार नाही. बाई हे मनापासून सांगत होत्या. अण्णांच्या हातांचं त्यांना माहीत होतं.

धाकटीने तो परिच्छेद लिहिलासुद्धा, आणि चांगला लिहिला. तो घेऊन ती लसीकरणाच्या अधिकाऱ्यांकडे गेली, की बघा, हे असं आहे, तर संध्याकाळचं केंद्र पुन्हा उघडा. माणूस वाईट नव्हता. त्याने परिच्छेद वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की सध्या साथीपुरती पथकं फिरतायत, पण ती गेली की काय? त्याने केंद्र बंद केलं होतं ते तिच्या आकड्यावर. आकडा तिथेच असेल तर वरची माणसं आकडा वाचतात, मर्यादा कोणी वाचत नाही.

"तुम्ही आकडा मागे घ्या," तो म्हणाला, "मी केंद्र उघडतो."

आकडा मागे घेणं म्हणजे प्रबंध मागे घेणं. म्हणजे सगळं सर्वेक्षण नव्याने, परीक्षा पुढच्या वर्षी, आणि जागा दुसऱ्याला. अण्णांच्या बाकावर आणखी एक वर्ष. ती घरी गेली आणि अण्णांना सांगितलं. अण्णांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तुझी चूक कोणी पकडली का?"

नाही म्हणून तिने सांगितलं.

"मग तू कशाला बोंब मारत सुटलीस?"

असं बोलणारे अण्णा तिने कधी पाहिले नव्हते. ते चिडले होते, आणि चिडण्याइतकेच थकले होते, हे तिला दिसत होतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली की अण्णा, केंद्र बंद आहे तोवर ती पोरं तशीच राहणार. अण्णांनी बाजूला ठेवलेलं काम पुन्हा हातात घेतलं. आईने मध्ये पडून, जेवून घ्या आधी, म्हणून दोघांना उठवलं. पुढे बरेच दिवस अण्णा तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि गिऱ्हाइकांनी दुकान कधी बंद करताय म्हणून विचारलं की कामात डोकं खुपसत होते.

तिने प्रबंध मागे घेतला. बाईंनी स्वतःच्या सहीने अधिकाऱ्यांना कळवलं की तो आकडा धरू नये, चूक विभागाची आहे. शिकवायची जागा धाकटीच्या एका वर्गमित्राला मिळाली. मुलगा चांगला होता, पेढ्यांऐवजी त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि धाकटीकडे बघायचं टाळलं. खोलीसोबतीण त्या दिवशी गटारांचं काही बोलली नाही, हेही धाकटीला लागलं. आत्याने चौकशीला फोन केला आणि पोरगी नापास झाली असा समज करून घेऊन ठेवून दिला. संध्याकाळचं केंद्र मात्र उघडलं.

नव्या सर्वेक्षणाला बाईंनी एकच अट घातली. घरं तीच, पहिल्या वेळी जी निवडून आली होती ती. शेजारचं घर चालणार नाही, कुलूप असेल तर दार उघडेपर्यंत पुन्हा जायचं. कॉलेजची बस संध्याकाळी मिळत नव्हती, म्हणून धाकटी चालत जायची. सकाळी वेळ रिकामा सापडायला लागला, तेव्हा ती दुकानात जाऊन बसू लागली. अण्णा पहिल्यांदा तिच्याकडे दुर्लक्ष करत राहिले. मग एका सकाळी एक स्क्रू बोटांतून सुटला, ती वाकली, उचलून तिने तो जागेवर बसवला, आणि अण्णांनी पेचकस तिच्या हातात दिला.

वस्तीतलं काम आता निराळंच होतं. माणसं दमून आलेली, चूल पेटवायची घाई, पोरं किरकिरणारी, उंबऱ्यावरच उभं ठेवून दोन शब्दांत उत्तरं देणारी. कोणी चहा विचारत नव्हतं. लस न मिळालेली मुलं घरटी सापडत होती, आणि प्रत्येक वेळी धाकटी त्यांना संध्याकाळच्या केंद्राचा रस्ता समजावून सांगत होती. अशी गल्लीमागून गल्ली होत गेली आणि ज्या घराची ती धास्ती घेऊन होती, ते घर आलं. शेजारी जायची आता सोय नव्हती.

पॅकिंगवालीने दार उघडलं आणि तिला ओळखलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टर ना, म्हणून आत बोलावलं, पोरीचा एक कान गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ऐकू येतं, असंही सांगितलं. मुलगी खोलीच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून भांड्यांशी खेळत होती. धाकटीने पिशवीतून कागद काढले आणि तसेच हातात धरून ठेवले.

"मी याआधीही तुमच्या दारात येऊन गेले आहे," ती म्हणाली. "सकाळची आले होते. कुलूप होतं."

"असणारच. मग?"

"मग शेजारी विचारलं. आणि त्यांचं उत्तर तुमच्या जागी धरलं."

"तिच्या पोराला टोचलेलं होतं," पॅकिंगवाली सावकाश म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझ्या पोरीलाही टोचलंय असं झालं."

"हो. त्यामुळेच संध्याकाळचं केंद्र बंद झालं होतं. माझ्यामुळे."

तिने आरडाओरडा करावा, हाताला धरून बाहेर काढावं, असं धाकटीला मनापासून वाटत होतं. तसं काही झालं नाही. पॅकिंगवालीने मुलीला हाक मारली. मुलीने वळून पाहिलं नाही. आई उठली, मुलीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन खाली बसली, तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. मुलीचे केस तिने कानामागे सारले. मग तिने धाकटीच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"विचारा आता काय ते," ती म्हणाली. "मी घरी आहे."